एकाला किती पडतं? दराचे रोजचे हिशोब भागाकाराने आणि गुणोत्तराने

पेन्सिल सेलची दोन पाकिटं आहेत. एकात १२ सेल, किंमत ३००. दुसऱ्यात ८ सेल, किंमत २१६. स्वस्त कोणतं? नुसत्या ३०० आणि २१६ कडे पाहून हे सांगता येत नाही, कारण दोन्हीकडे माल सारखा नाही. दोन्हीकडचा माल एकसारखा करून घ्यायचा, म्हणजे दोन्ही पाकिटांत एका सेलला किती पडतं ते काढायचं, आणि मग तुलना करायची. शाळेत याला एकमान पद्धत म्हणतात. रोजच्या खरेदीतले बहुतेक हिशोब या एका पद्धतीत बसतात.

भागाकार बहुतेकांना येतो. हिशोब चुकतो तो कशाला कशाने भागायचं इथे, किंवा ग्रॅम-किलोची सरमिसळ होते तिथे. म्हणून पुढे आकडेमोडीपेक्षा मांडणीवर जास्त भर दिला आहे. रकमांपुढे चलन मुद्दाम लिहिलेलं नाही. तुमच्याकडे जे चालतं ते धरा, हिशोब बदलत नाही.

पायरी १: ‘दर कशाला?’ हे आधी लिहा

कागदावर पहिली ओळ आकड्यांची नको, शब्दांची हवी: ‘दर नगाला किंमत’, ‘दर किलोला किंमत’, ‘दर मीटरला किंमत’. ‘दर’च्या पुढे जे येतं तो भाजक. उरलेली गोष्ट भाज्य. दर नगाला किंमत हवी असेल तर किमतीला नगांनी भागायचं:

३०० ÷ १२ = २५
२१६ ÷ ८ = २७

१२ चं पाकीट स्वस्त, एका सेलमागे २ ने.

आता भागाकार उलटा झाला तर काय होतं पाहा. १२ ÷ ३०० = ०.०४ आणि ८ ÷ २१६ = ०.०३७. हेही आकडे चूक नाहीत, पण ते वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर आहेत: किमतीच्या एका एककात किती सेल मिळतात? इथे मोठा आकडा फायद्याचा असतो. गोंधळ होतो तो एका पाकिटाचा भागाकार सरळ आणि दुसऱ्याचा उलटा केल्याने, किंवा दोन्ही उलटे करून ‘लहान आकडा म्हणजे स्वस्त’ असं समजल्याने. पहिली ओळ शब्दांत लिहिलेली असेल तर ही चूक होतच नाही. उत्तरापुढेही एकक लिहायचं: नुसतं २५ नको, ‘२५ दर सेल’.

पायरी २: एककं जुळवा, मगच भागा

कपडे धुण्याच्या पावडरची दोन पाकिटं घेऊ. ७५० ग्रॅमला १३८, आणि २ किलोला ३५२. इथे घाईत १३८ ÷ ७५० आणि ३५२ ÷ २ केलं की ०.१८४ आणि १७६ असे दोन आकडे येतात, ज्यांची तुलनाच होऊ शकत नाही. एक दर ग्रॅमला आहे, दुसरा दर किलोला.

आधी एकच एकक निवडा. दर किलो धरलं तर ७५० ग्रॅम म्हणजे ०.७५ किलो, आणि १३८ ÷ ०.७५ = १८४ दर किलो. दुसरं ३५२ ÷ २ = १७६ दर किलो. मोठं पाकीट किलोमागे ८ ने स्वस्त.

दशांश अपूर्णांकाने भागायला अनेकांना नको वाटतं. त्याची गरजही नाही, कारण आपल्याकडे पाव-पाऊण आहे. ७५० ग्रॅम म्हणजे पाऊण किलो, म्हणजे तीन पाव. तीन पावांचे १३८, तर एका पावाचे ४६. किलोत चार पाव, म्हणून ४६ × ४ = १८४. एक भागाकार, एक गुणाकार, दोन्ही तोंडी. नेहमीच्या वजनांसाठी किलोचा दर असा काढा:

१२५ ग्रॅम: किंमत × ८
२०० ग्रॅम: किंमत × ५
२५० ग्रॅम: किंमत × ४
३५० ग्रॅम: किंमत ÷ ७ × २०
४०० ग्रॅम: किंमत × अडीच
६०० ग्रॅम: किंमत ÷ ३ × ५
७५० ग्रॅम: किंमत ÷ ३ × ४

मिलिलिटर आणि लिटरलाही हेच लागू. ही यादी पाठ करण्यासाठी नाही. ३५० आणि १००० या दोन्हींना पूर्ण भागणारी मोठ्यात मोठी संख्या ५०; ३५० मध्ये ५० सात वेळा, १००० मध्ये वीस वेळा; म्हणून सातने भागून विसाने गुणायचं. मसावि काढायला शाळेत शिकवतात त्याचा हा रोजचा उपयोग. कोणतंही आडवळणी वजन आलं तरी असंच करा.

पाउंड, यार्ड अशी एककं समोर आली तर आधी रूपांतर. १ पाउंड म्हणजे सुमारे ४५३.६ ग्रॅम, १ यार्ड म्हणजे ०.९१४४ मीटर, १ इंच म्हणजे बरोबर २.५४ सेंटिमीटर. ५ पाउंडांची पिशवी ४५० ला असेल, तर माल २.२६८ किलो आणि दर सुमारे १९८.४ दर किलो. गॅलनच्या बाबतीत सावध राहा: अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा, ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा. कोणता ते कळल्याशिवाय भागायला बसू नका. फरक साधारण २० टक्क्यांचा आहे.

आणि लिटर म्हणजे किलो नव्हे. पाण्यापुरतं ते जवळजवळ जुळतं. रंग, गोंद, शाम्पू यांचं जुळेलच असं नाही. एका डब्यावर लिटर आणि दुसऱ्यावर किलो लिहिलेलं असेल, तर एका लिटरचं वजन किती हे कळल्याशिवाय त्यांची तुलना करता येत नाही.

काही ठिकाणी वस्तूच्या किमतीजवळ एककाचा दर छापलेलाच असतो. युरोपीय संघात १९९८ च्या निर्देशानुसार तो दाखवावा लागतो. छापील दर असला की भागाकार वाचतो, पण ‘दर कशाला’ हे तरीही वाचावं लागतं. शेजारशेजारच्या दोन वस्तूंपैकी एकीवर दर १०० ग्रॅम आणि दुसरीवर दर किलो लिहिलेलं असू शकतं, किंवा एकीवर दर नग आणि दुसरीवर दर १०० मिलिलिटर.

पायरी ३: भागाकार कुठे थांबवायचा

आता थोडे अडचणीचे आकडे. ७ नग २६० ला, आणि ५ नग १८७ ला.

२६० ला ७ ने भागू. ७ × ३७ = २५९, बाकी १. इथे थांबलं तर दर ३७. दुसरीकडे १८७ ला ५ ने: ५ × ३७ = १८५, बाकी २, दर पुन्हा ३७. दोन्ही सारखे वाटतात, पण बाकी सारखी नाही, आणि भाजकही सारखा नाही. म्हणून दशांश चिन्ह देऊन पुढे जायचं. पहिल्यात बाकी १ वर शून्य, १० ÷ ७, भाग १, बाकी ३; ३० ÷ ७, भाग ४, बाकी २. म्हणजे ३७.१४ आणि पुढे काहीबाही. दुसऱ्यात बाकी २ वर शून्य, २० ÷ ५ = ४, बाकी शून्य. म्हणजे बरोबर ३७.४. पहिला पर्याय स्वस्त.

नुसती तुलना असेल तर दोन आकडे वेगळे दिसेपर्यंत भागायचं आणि थांबायचं. पण त्याच दराने पुढे गुणाकार करायचा असेल, तर दर लवकर पूर्णांकात आणणं महागात पडतं. १०० ला ३ नग मिळतात, ६०० नग हवेत. दर ३३ धरला तर १९,८०० येतात. ३३.३३ धरला तर १९,९९८. खरं उत्तर २०,०००. दरात राहिलेली चूक उत्तरात नगांच्या संख्येइतक्या पटीने वाढते. यावर साधा उपाय म्हणजे आधी गुणा, शेवटी भागा: १०० × ६०० = ६०,०००, आणि ६०,००० ÷ ३ = २०,०००. मधल्या दशांशाला हातच लावला नाही.

गुणोत्तराने तुलना, भागाकार न करता

७ नग २६० आणि ५ नग १८७ हेच उदाहरण पुन्हा. दोन गुणोत्तरं मांडू:

२६० : ७ आणि १८७ : ५

आता तिरकस गुणाकार: २६० × ५ = १३००, आणि १८७ × ७ = १३०९. ज्या किमतीचा गुणाकार लहान, तो माल स्वस्त. म्हणजे ७ नगांचं पाकीट.

हे का चालतं ते समजून घ्या, नाहीतर कशाला कशाने गुणायचं ते विसरायला होतं. ७ ची पाच पाकिटं घेतली तर ३५ नग होतात आणि १३०० लागतात. ५ ची सात पाकिटं घेतली तरी ३५ नगच होतात, पण १३०९ लागतात. माल तोच, पैसे ९ ने जास्त. एका नगाऐवजी ३५ नगांवर तुलना झाली, इतकंच. सगळे आकडे पूर्णांकात राहतात, त्यामुळे तोंडी हिशोबाला ही पद्धत आम्हाला भागाकारापेक्षा बरी वाटते. फक्त दोनच पर्याय असतील तेव्हा. तीन-चार पर्याय असतील तर प्रत्येकाचा दर काढून उतरंड लावणंच सोपं.

मोठ्या आकड्यांना आधी संक्षिप्त रूप द्या. ४०५ : १८ मध्ये दोन्ही ९ ने भागतात, उरतं ४५ : २. पुढची सगळी आकडेमोड हलकी होते.

दरावरून पुढे: हव्या तेवढ्या मालाची किंमत

१८ मीटर दोरी ४०५ ला, तर ५० मीटर कितीला? हे त्रैराशिक. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास ते सूत्रात मांडलं, आणि त्यातल्या तीन राशींना नावं आहेत: प्रमाण, फल आणि इच्छा. इथे १८ मीटर हे प्रमाण, ४०५ हे फल, ५० मीटर ही इच्छा. फलाला इच्छेने गुणायचं आणि प्रमाणाने भागायचं:

४०५ × ५० ÷ १८ = २०,२५० ÷ १८ = ११२५

एकमान पद्धतीने ४०५ ÷ १८ = २२.५ दर मीटर, आणि २२.५ × ५० = ११२५. उत्तर तेच. मांडताना एक नियम पाळा: प्रमाण आणि इच्छा एकाच जातीची हवीत, दोन्ही मीटर. एक मीटर आणि दुसरं फूट असेल तर आधी रूपांतर.

उलटा प्रश्नही येतो. ९०० मध्ये किती मीटर दोरी मिळेल? दर माहीत आहे, म्हणून ९०० ÷ २२.५ = ४० मीटर. दर काढताना किमतीला मालाने भागतात. दरावरून माल काढताना किमतीला दराने भागतात. दरावरून किंमत काढताना दर आणि माल यांचा गुणाकार. या तिघांपैकी कोणतीही दोन कळली की तिसरं निघतं.

पडताळा घ्यायचा तर उत्तराचा अंदाज आधीच करून ठेवा. ५० मीटर हे १८ च्या तिपटीपेक्षा थोडं कमी, म्हणून उत्तर ४०५ × ३ = १२१५ च्या थोडं खाली यायला हवं. ११२५ बसतं. उत्तर १४५ किंवा ११,२५० आलं असतं तर गुणाकार-भागाकाराची अदलाबदल झाली किंवा दशांश चिन्ह सरकलं, हे लगेच कळलं असतं. कॅल्क्युलेटर वापरणाऱ्यांनी हा अंदाज नक्की करावा; बटण चुकलं तर यंत्र तक्रार करत नाही.

नग अर्धे मिळत नाहीत

दोरी कापून मिळते, सेल मिळत नाही. १००० मध्ये २७ दराचे किती सेल? १००० ÷ २७ = ३७.०३, म्हणजे ३७. पैसे ठरलेले असतील तर उत्तर नेहमी खालच्या पूर्णांकात. माल ठरलेला असेल तर वरच्या: ५० सेल हवेत आणि पाकीट ८ चं, तर ५० ÷ ८ = ६.२५, म्हणून ७ पाकिटं. ६.२५ आहे म्हणून ६ घेतली तर दोन सेल कमी पडतील. जवळच्या पूर्णांकात आणण्याचा शाळेतला नियम इथे चालत नाही.

आणि इथेच दराच्या हिशोबाची मर्यादा दिसते. ५० सेलसाठी तीन पर्याय करून पाहू.

८ ची ७ पाकिटं: ५६ सेल, १५१२.
१२ ची ५ पाकिटं: ६० सेल, १५००.
१२ ची ३ आणि ८ ची २: ५२ सेल, ३ × ३०० + २ × २१६ = १३३२.

दराने १२ चं पाकीट स्वस्त आहे हे खरं, पण सगळी तीच घेतली तर दहा सेल जास्तीचे येतात. मिश्र खरेदी १६८ ने स्वस्त पडते. म्हणून पाकिटं ठरवताना शेवटी किमतीला पाकिटातल्या मालाने न भागता लागणाऱ्या मालाने भागून पाहा: १५०० ÷ ५० = ३०, आणि १३३२ ÷ ५० = २६.६४. जास्तीचा माल पुढे वापरला जाणार असेल तर गोष्ट वेगळी. पण वाळून जाणारा गोंद किंवा मुदत संपणारी वस्तू असेल, तर वाया जाणारा भाग वजा करूनच दर काढायचा.

सवलतीच्या पाट्या दरात कशा बदलायच्या

जाहिरात टक्क्यांत बोलते, आपण दरात बोलायचं. युक्ती एकच: दिलेले पैसे ÷ मिळालेला माल. मूळ किंमत १ आणि मूळ माल १ धरला की झालं.

‘३ च्या किमतीत ४’ म्हणजे ३ ÷ ४ = ०.७५, दर २५ टक्क्यांनी कमी. ‘एकावर एक मोफत’ म्हणजे १ ÷ २, निम्मा दर. ‘दुसरी वस्तू अर्ध्या किमतीत’ यात दीड वस्तूच्या पैशांत दोन, १.५ ÷ २ = ०.७५, पाटीवर ५० दिसतं, सवलत २५ टक्के. ‘२० टक्के आणि त्यावर आणखी १० टक्के’ याची बेरीज ३० होत नाही: ०.८ × ०.९ = ०.७२, म्हणजे २८ टक्के.

सगळ्यात जास्त फसगत ‘जास्त माल’ आणि ‘कमी किंमत’ यांत होते. त्याच किमतीत २० टक्के जास्त माल म्हणजे १ ÷ १.२ = ०.८३३, दर सुमारे १६.७ टक्क्यांनीच उतरला. २०० मिलिलिटरची बाटली ९० ला आहे. एकीकडे २५ टक्के जास्त, म्हणजे २५० मिलिलिटर ९० ला. दुसरीकडे २० टक्के सूट, म्हणजे २०० मिलिलिटर ७२ ला. ९० ÷ २५० = ०.३६ आणि ७२ ÷ २०० = ०.३६. आकडे वेगळे, दर एकच. अशा वेळी ज्यात कमी पैसे गुंततात ते घ्यावं, असं आमचं मत.

उलट्या दिशेनेही तेच. किंमत तीच ठेवून ५०० ग्रॅमचं पाकीट ४५० चं केलं, तर माल १० टक्क्यांनी कमी झाला, पण दर १ ÷ ०.९ = १.१११, म्हणजे ११.१ टक्क्यांनी वाढला. भाजक बदलला की दरातला बदल तितक्याच टक्क्यांचा राहत नाही.

एकक चुकीचं निवडलं तर बरोबर भागाकारही फसवतो

कागदी रोल: एक ३० सेंटिमीटर रुंद, १० मीटर लांब, १५० ला. दुसरा ४५ सेंटिमीटर रुंद, ८ मीटर लांब, १७१ ला. दर मीटरला काढलं तर १५ आणि सुमारे २१.४, पहिला स्वस्त दिसतो. पण रुंदी सारखी नाही. क्षेत्रफळ काढू: ०.३ × १० = ३ चौरस मीटर, ०.४५ × ८ = ३.६ चौरस मीटर. दर ५० आणि ४७.५. दुसरा स्वस्त. सेंटिमीटरमध्ये हिशोब केलात तर एक ध्यानात ठेवा: १ चौरस मीटर म्हणजे १०,००० चौरस सेंटिमीटर, १०० ने भागून चालणार नाही.

गोल वस्तूंत ही चूक आणखी सहज होते. ९० सेंटिमीटर व्यासाची गोल चटई ७२० ला आणि १२० सेंटिमीटर व्यासाची १२०० ला. व्यासाने भागलं तर दर ८ आणि १०. पण पाय ठेवायला जी जागा मिळते ती क्षेत्रफळाची, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या पटीत वाढतं. व्यासांचं गुणोत्तर ३ : ४, क्षेत्रफळांचं ९ : १६. ७२० ÷ ९ = ८०, १२०० ÷ १६ = ७५. मोठी स्वस्त. दोन्हीकडे π (पाय) सारखाच असल्यामुळे तो हिशोबात घ्यावाच लागला नाही. गुणोत्तराची हीच सोय.

रंगाचं उदाहरण तर मुळापासून उलटं पडतं. ४ लिटरचा एक डबा १८०० ला, दुसरा १५०० ला. दर लिटरला ४५० आणि ३७५. आता डब्यावर पाहा, एक लिटर किती जागेवर पुरतो. पहिला १० चौरस मीटर, दुसरा साडेसात. म्हणजे पहिल्या डब्यात ४० चौरस मीटर होतात, दर ४५. दुसऱ्यात ३०, दर ५०. आपण विकत लिटर घेतो, पण आपल्याला हवी असते रंगलेली भिंत. घट्ट आणि पातळ डिटर्जंट, लहान-मोठ्या क्षमतेचे सेल यांनाही हेच: दर धुण्याला, दर तासाला काय पडतं ते पाहायचं.

कागद वजनावर आणि नगावर दोन्ही मिळतो, तिथे पूल बांधता येतो. ए-४ आकाराचा ताव एक चौरस मीटरचा जवळजवळ सोळावा भाग असतो. ‘८० ग्रॅम’चा कागद म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम, म्हणून एक ताव ८० ÷ १६ = ५ ग्रॅम, आणि ५०० तावांचं रीम अडीच किलो. किलोचा दर अडीचने गुणा, रिमाचा दर हाती येतो.

जिथे प्रमाण नसतं तिथे हे चालत नाही

वरच्या सगळ्या हिशोबांत एक गृहीत आहे: माल दुप्पट तर किंमत दुप्पट. घरपोच आणण्याचा खर्च, नोंदणीची रक्कम, यंत्राचं किमान भाडं असं काही ठरावीक त्यात असेल, तर हे गृहीत मोडतं. १० नगांचं बिल ३१०, म्हणून ४० नगांचं १२४० होईल असं धरलं आणि बिल १०६० चं आलं, तर दुकानदाराने चूक केली असं समजू नका.

अशा वेळी दोन बिलं घेऊन वजाबाकी करा. ४० − १० = ३० नग जास्त, आणि १०६० − ३१० = ७५० जास्त. म्हणजे एका नगाला ७५० ÷ ३० = २५. आता १० नगांचे २५०, पण बिल ३१०, म्हणून ६० ठरावीक. हे दोन आकडे वेगळे काढले की कितीही नगांचं बिल सांगता येतं: नग × २५ + ६०. अट एवढीच की दोन्ही बिलांत नगाचा दर तोच हवा. ठोक खरेदीत दर टप्प्याटप्प्याने उतरत असेल तर ही वजाबाकी खोटा आकडा देते.

ठरावीक रक्कम माणसांत वाटून घेताना तर प्रमाण उलटं, व्यस्त होतं. २४०० चं भाडं सहा जणांत ४००, आठ जणांत ३००. इथे तिरकस गुणाकार नको; माणसं × वाटा हा गुणाकार दोन्हीकडे सारखा राहतो, ६ × ४०० = ८ × ३००.

सरासरी दर

१० नग २० च्या दराने घेतले आणि ३० नग २४ च्या दराने. सरासरी दर २२ नाही. एकूण पैसे २०० + ७२० = ९२०, एकूण नग ४०, दर २३. महाग नग जास्त घेतले, म्हणून सरासरी त्यांच्याकडे झुकली. आणि दोन्ही वेळा सारखेच पैसे खर्च केले तर ती स्वस्ताकडे झुकते: ६०० चे २० च्या दराने ३० नग, ६०० चे ३० च्या दराने २० नग; १२०० ÷ ५० = २४, २० आणि ३० च्या मधले २५ नव्हे. दरांची सरासरी काढूच नका. एकूण पैसे, एकूण माल, मग भागाकार.

हात बसायला काही हिशोब

१. १५ नग ३४५ ला आणि २२ नग ४९५ ला. स्वस्त कोणते?
२. ३५० ग्रॅम १२६ ला, ६०० ग्रॅम २१० ला. दोन्हींचा किलोचा दर काढा, दशांश न वापरता.
३. २५ नगांचं बिल ८३०, ६० नगांचं १८८०. नगाचा दर आणि ठरावीक खर्च किती?
४. ४० नग १५ च्या दराने, ६० नग २० च्या दराने. सरासरी दर?
५. किंमत तीच, पण पाकीट ८०० ग्रॅमवरून ६४० ग्रॅमचं झालं. दर किती टक्क्यांनी वाढला?

उत्तरं: १. २३ आणि २२.५, म्हणून २२ नग स्वस्त. २. १२६ ÷ ७ × २० = ३६०; २१० ÷ ३ × ५ = ३५०. ३. दर ३०, ठरावीक ८०. ४. १८. ५. २५ टक्के, २० आलं असेल तर जुन्या मालाने भागलंत, नव्याने भागून पाहा.